फुकट इंटरनेटचं बिल कुणाच्या नावावर?

२९९ रुपयांचा रिचार्ज मारला की त्यातले ४५ रुपये जीएसटीचे असतात. कर छापील किमतीतच धरलेला असतो, म्हणून तो दिसत नाही एवढंच. उरलेल्या अडीचशेतूनही सरकारचा वाटा निघतो. मोबाइल कंपनीला दूरसंचार उत्पन्नावर ८ टक्के परवाना शुल्क भरावं लागतं आणि त्या आठांपैकी पाच टक्के एका खास निधीसाठी असतात. म्हणजे ढोबळमानाने आणखी बारा रुपये. या निधीचं काम एकच: धंदा परवडत नाही म्हणून कंपन्या जिथे फिरकत नाहीत, तिथे फोन आणि इंटरनेट पोचवणं.

हा हिशोब आधी मांडला, कारण सरकारने करदात्यांच्या पैशातून सगळ्यांना इंटरनेट फुकट द्यावं का, हा विषय निघाला की चर्चा दोन मिनिटांत एका ठरलेल्या वाक्यावर येते: आम्ही टॅक्स भरायचा आणि लोकांनी रील्स बघायचे. हे म्हणणाऱ्याच्या डोळ्यासमोरचा करदाता म्हणजे जुलैमध्ये फॉर्म १६ घेऊन रिटर्न भरणारा नोकरदार. पण ऊसतोडीला गेलेलं कुटुंबसुद्धा फोन चालू ठेवण्यासाठी दर २८ दिवसांनी कर भरतंच. २८ दिवसांचा पॅक वर्षात तेरा वेळा मारावा लागतो. घरात तीन फोन असतील आणि तिन्हींवर हाच पॅक असेल, तर वर्षाला साडेअकरा हजारांच्या वर जातात. त्यात नुसता जीएसटी पावणेअठराशेच्या घरात. तेव्हा करदाता एकीकडे आणि फुकटे दुसरीकडे अशी वाटणी करून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. पैसे सगळेच भरतात. त्या पैशातून विकत काय घ्यायचं, यावर वाद घालण्यात अर्थ आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. तार सरकारने टाकावी आणि सांभाळावी, गावात चार सार्वजनिक ठिकाणी इंटरनेट फुकट असावं, आणि खिशातल्या फोनचा डेटा ज्याचा त्याने भरावा. ज्यांना तोही परवडत नाही त्यांच्यासाठी सवलत असावी, पण ती सरसकट नको. हे सगळं बोलायला सोपं आहे. प्रत्यक्षात कुठे अडतं ते बघू.

फुकट म्हणजे नेमकं काय फुकट?

परदेशातून येणाऱ्या समुद्राखालच्या अनेक केबल मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात. तिथून डेटा सेंटर, मग महामार्गाकडेने आणि रेल्वेच्या कडेने पळणारी फायबरची मोठी जाळी, मग जिल्हा, तालुका आणि शेवटी गाव. शहरात शेवटचा टप्पा म्हणजे केबलवाल्याने इमारतीच्या गच्चीवरून टाकलेली तार. खेड्यात शेवटचा टप्पा म्हणजे बहुधा टॉवर, आणि टॉवर दूर असेल तर काहीच नाही.

या साखळीत महाग काय आहे? फायबरची तार म्हणजे काच, आणि काच स्वस्त आहे. महाग आहे ती खोदाई, तिच्या परवानग्या, वनखात्याची जमीन, रस्ता फोडल्याचे पैसे आणि नंतरची दुरुस्ती. हा खर्च एकदाच होतो, पण तो अवाढव्य असतो. तार एकदा पडली की तिच्यातून शंभर घरांचा डेटा गेला काय किंवा दोनशे घरांचा गेला काय, खर्चात फार फरक पडत नाही. टॉवरचं तसं नाही. तिथे सगळ्यांना मिळून एकच ठरावीक जागा असते. गर्दी वाढली की सगळ्यांचाच वेग बसतो. जत्रेत फोन लागत नाही तो याच कारणाने.

डोंगरातल्या चाळीस घरांच्या पाड्यावर टॉवर उभारला तर त्याचं डिझेलसुद्धा रिचार्जमधून निघायचं नाही. हा हिशोब कंपनीला पक्का ठाऊक असतो, म्हणून ती तिथे जात नाही. त्यात तिचं चुकतं असंही नाही. बाजार जिथे थांबतो तिथून पुढे सार्वजनिक पैसा लागतो, एवढंच यातून दिसतं.

एसटीचं उदाहरण घ्या. रस्ता सरकारने बांधला, त्यावरून चालायला तिकीट नाही. एसटीत बसलं की तिकीट काढावं लागतं. पण ७५ वर्षांपुढच्या आजी-आजोबांना ते ऑगस्ट २०२२ पासून माफ आहे आणि बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं. रस्ता सगळ्यांसाठी, प्रवास ज्याच्या त्याच्या खिशातून, आणि सवलत ठरवून. इंटरनेटच्या बाबतीत मात्र आपण रस्ता अर्धवट ठेवतो आणि सगळ्यांचं तिकीट माफ करण्याच्या घोषणा करतो.

आता सगळ्यांना सगळा डेटा फुकट द्यायचाच म्हटलं तर किती लागतील? देशात इंटरनेटच्या जोडण्या २०२५ मध्ये १०० कोटींच्या पुढे गेल्या. एका ग्राहकाकडून कंपनीला महिन्याला मिळतात साधारण २०० रुपये. शंभर कोटी गुणिले दोनशे गुणिले बारा, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार कोटी. रोजगार हमीवर केंद्राची अर्थसंकल्पी तरतूद २०२५-२६ मध्ये ८६ हजार कोटी होती, तिच्या पावणेतीनपट. आणि हे एकदाच नाही, दर वर्षी. शिवाय यातला बराच भाग अशा लोकांचा रिचार्ज भरण्यात जाईल, ज्यांना तो भरणं जडही जात नाही.

म्हणून सरसकट फुकट डेटा हा प्रस्ताव माझ्या लेखी इथेच संपतो. पण जो मधला मार्ग होता तोही आपण घेतला नाही, याचं वाईट वाटतं. डिसेंबर २०१६ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, शिफारस केली होती की ग्रामीण ग्राहकांना महिन्याला १०० एमबीपर्यंत डेटा फुकट द्यावा आणि त्याचा खर्च वर सांगितलेल्या निधीतून करावा. शंभर एमबीत सिनेमा दिसत नाही, पण एखादा अर्ज भरता येतो, सातबारा काढता येतो. ती शिफारस कागदावरच राहिली.

स्टेशनवरचं वायफाय

जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर गुगल आणि रेल्वेची कंपनी रेलटेल यांनी फुकट वायफाय सुरू केलं. जून २०१८ पर्यंत ते ४०० स्थानकांवर पोचलं. एर्नाकुलम स्थानकावरचा एक हमाल सामान वाहता वाहता कानात इअरफोन घालून या वायफायवर अभ्यास करायचा आणि केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला, ही बातमी तेव्हा देशभर गाजली. फेब्रुवारी २०२० मध्ये गुगलने जाहीर केलं की आपण यातून बाहेर पडतोय. कारण दिलं ते असं की आता मोबाइल डेटाच इतका स्वस्त झालाय की याची तेवढी गरज उरली नाही.

कारण खोटं नव्हतं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटाचे भाव कोसळले. जे काम सरकारी योजनांना जमलं नाही ते स्पर्धेने करून दाखवलं, असं बाजाराच्या बाजूचे लोक म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. पण त्या स्पर्धेत कंपन्या गळत गेल्या. आता खाजगी तीन उरल्या आणि चौथी सरकारी बीएसएनएल. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढवले तेव्हा लोक बीएसएनएलकडे धावले होते. सरकारी पर्याय कसाबसा का होईना जिवंत असला तर त्याचा काय उपयोग होतो, ते तेव्हा दिसलं. स्वस्ताई कायमची, असं धरून चालणं धोक्याचं आहे.

रेल्वेचं वायफाय बंद पडलं नाही. रेलटेलने ते सहा हजारांहून जास्त स्थानकांवर नेलं आणि पद्धत बदलली: दिवसाला पहिली ३० मिनिटं फुकट, पुढे वेग हवा तर दहा रुपयांपासून पॅक. मला ही पद्धत आवडते. गरजेपुरतं सगळ्यांना फुकट, आणि चैनीचं बिल ज्याचं त्याला.

शहरांच्या वायफायची गोष्ट मात्र नव्याचे नऊ दिवस अशीच बहुतेक ठिकाणी झाली. मुंबईत जानेवारी २०१७ मध्ये ५०० हॉटस्पॉट सुरू झाले आणि १ मेपर्यंत १,२०० करू असं जाहीर झालं. दिल्लीत २०१५ च्या निवडणुकीतलं आश्वासन डिसेंबर २०१९ मध्ये अमलात यायला लागलं. ११ हजार हॉटस्पॉट आणि माणशी महिन्याला १५ जीबी. अशा योजनांचं उद्घाटन थाटात होतं, कारण वायफायचा डबा खांबावर दिसतो आणि त्याच्या खाली उभं राहून फोटो काढता येतो. दोन वर्षांनी त्या डब्याचं लाइट बिल कुणी भरायचं, राउटर जळला तर बदलायचा कुणी, कंत्राटदाराची मुदत संपली की पुढे काय, या गोष्टींचा फोटो निघत नाही. आमच्या भागातल्या बसथांब्यावर असा एक डबा आहे. फोनमध्ये त्याचं नाव दिसतं, मोबाइल नंबर टाकला की ओटीपीसुद्धा येतो, पण तो टाकल्यावर पान फिरत राहतं. नाव दिसतंय म्हणजे वीज चालू आहे, म्हणजे कुणीतरी बिल भरतंय. मागची तार तेवढी मेलेली.

कुलूपबंद इंटरनेट

खेड्यांसाठीची मोठी योजना म्हणजे भारतनेट. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली तेव्हा तिचं नाव वेगळं होतं, पण उद्देश हाच: देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर. पैसा सुरुवातीच्या त्या बारा रुपयांचा, म्हणजे २००२ मध्ये सुरू झालेल्या निधीचा. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यानंतर त्या निधीचं नाव डिजिटल भारत निधी झालंय. या निधीत आजवर एक लाख कोटींहून जास्त रक्कम गोळा झाली आणि एका टप्प्यावर तर जवळपास निम्मी खर्चच झालेली नव्हती. एकीकडे पैसा पडून आणि दुसरीकडे गावाला रेंज नाही, दात आहेत तर चणे नाहीत अशी गत. करदात्याने चिडायचंच असेल तर इथे चिडावं.

काम दोन वर्षांत उरकायचं ठरलं होतं. पहिल्या टप्प्यातल्या एक लाख पंचायती झाल्या डिसेंबर २०१७ मध्ये. पुढे आकडा दोन लाखांच्या वर गेला, पण सरकारी कागदात या पंचायतींसमोर शब्द असतो ‘सेवेसाठी सज्ज’. सज्ज आणि चालू यांच्यात किती अंतर पडू शकतं हे बघायचं असेल तर ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जावं.

कोपऱ्यात भिंतीला एक लोखंडी कपाट असतं, त्यात दिवे लुकलुकणारा डबा, खाली बॅटरी. तालुक्याहून आलेली तार इथे संपते. आता हे कपाट बंद पडण्याच्या वाटा मोजा. पंचायतीने वीजबिल थकवलं आणि जोडणी तोडली. बॅटरी गेली. रस्ता रुंद करणाऱ्या किंवा नळाची पाइपलाइन टाकणाऱ्या जेसीबीने तार उचकटली. सुरुवातीची रचना सरळ रेषेची होती, तालुक्यापासून एकापुढे एक गावं ओवलेली, त्यामुळे मध्ये एका ठिकाणी तार तुटली की पुढची सगळी गावं अंधारात. आणि यातलं काहीच झालं नाही तरी संध्याकाळी कार्यालयाला कुलूप लागतं आणि किल्ली शिपायाच्या खिशात जाते. वायफायची रेंज भिंतीबाहेर पंचवीस-तीस पावलं. मुलं ओट्यावर बसतात ती तेवढ्यासाठी.

गंमत म्हणजे त्याच कार्यालयात बसलेला संगणक परिचालक दाखले काढून देताना अनेक ठिकाणी स्वतःच्या मोबाइलचं हॉटस्पॉट वापरतो. गावाच्या दारात सरकारी फायबर आणि दाखला निघतोय एका कंत्राटी पोराच्या रिचार्जवर, ज्याचं मानधनही वेळेवर होत नाही म्हणून त्याची संघटना दर काही महिन्यांनी आंदोलन करते.

दिखाऊ कामाचा महाराष्ट्रातला गाजलेला वाद म्हणजे हरिसाल. मेळघाटातलं, धारणी तालुक्यातलं हे गाव पहिलं डिजिटल गाव म्हणून जाहिरातीत झळकलं. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत त्या जाहिरातीतल्या माणसालाच व्यासपीठावर आणलं आणि गावात दाखवलं तसं काही नाही असा आरोप केला. सत्ताधाऱ्यांनी तो खोडून काढला. कोण किती खरं होतं ते सोडून देऊ. एका गावाला नमुना करून दाखवायचा मोह धोरण बनवणाऱ्यांना सुटत नाही, आणि नमुन्याच्या शेजारचं गाव तसंच राहतं, हे त्यातून लक्षात आलं तरी पुष्कळ.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने भारतनेटची सुधारित योजना मंजूर केली, सुमारे १ लाख ३९ हजार कोटींची. आता तार वर्तुळाकार टाकायची, म्हणजे एकीकडे तुटली तर दुसरीकडून चालू राहील. आणि ठेक्यातच १० वर्षांची देखभाल धरलेली आहे. बारा वर्षं लागली हे कळायला, पण कळलं. आकडा मोठा वाटतो खरा. मघाशी काढलेल्या फुकट डेटाच्या एका वर्षाच्या खर्चापेक्षा मात्र तो बराच कमी आहे, आणि त्यातून उभी राहणारी वस्तू तीस वर्षं टिकू शकते.

सरकारने सक्ती केली तर सोय कुणी करायची?

सार्वजनिक पैसा का लावावा याची कारणं लोक विकास, शिक्षण, रोजगार अशी देतात. ती बरोबरच आहेत. पण माझ्या दृष्टीने सगळ्यात भक्कम कारण वेगळं आहे. सरकारने स्वतःचंच दार इंटरनेटच्या आत नेऊन ठेवलंय.

शेतकऱ्याने आपली पीक नोंद आपल्याच मोबाइलवरून करायची, ही ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू आहे. फोटो शेतात उभं राहून काढता येतो, पण माहिती वर चढवायला रेंज लागते. नोंद राहिली तर पीक विमा आणि नुकसानभरपाईला अडचण. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून हजेरी ॲपवरूनच, मजुरांचे फोटो दिवसातून दोनदा. फोटो गेला नाही तर मजुरी लटकते. लाडक्या बहिणींची ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, सप्टेंबर २०२५ मध्ये सक्तीची झाली, तेव्हा संकेतस्थळ उघडेना आणि ओटीपी येईना अशा तक्रारींनी सेतू केंद्रं भरून गेली. शिष्यवृत्ती महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर, प्रवेश ऑनलाइन, निकाल ऑनलाइन.

अशा वेळी नंदुरबारमधल्या अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यावरल्या बाईला इंटरनेट ही चैन आहे, ते ज्याने त्याने विकत घ्यावं, असं म्हणता येत नाही. ते तिच्या हक्काच्या पैशाच्या दाराला लावलेलं कुलूप आहे. किल्ली बाजारातून आण, असं कुलूप लावणाऱ्याने सांगू नये.

न्यायालयंही हळूहळू याच दिशेने सरकत आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये वसतिगृहातल्या मोबाइलबंदीविरुद्ध एक विद्यार्थिनी लढली आणि केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट मिळण्याचा हक्क शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काशी जोडला. जानेवारी २०२० मध्ये काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की इंटरनेटवरून बोलण्याच्या आणि व्यवसाय करण्याच्या स्वातंत्र्याला घटनेचं संरक्षण आहे. ३० एप्रिल २०२५ ला त्याच न्यायालयाने ॲसिडहल्ल्यातल्या पीडितांच्या आणि दृष्टिहीनांच्या केवायसी प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. मात्र यातल्या एकाही निकालात सरकारने सगळ्यांना रिचार्ज मारून द्यावा असं म्हटलेलं नाही. हक्क म्हणजे फुकट असं नसतंच. फिनलंडने जुलै २०१० पासून प्रत्येक नागरिकाला १ एमबीपीएस जोडणीचा कायदेशीर हक्क दिला. तोही वाजवी दरात, फुकट नव्हे.

तार नसण्याची किंमत आपल्याकडे २०२० च्या टाळेबंदीत दिसली. कणकवली तालुक्यातली एक मुलगी, पशुवैद्यकीय शिकणारी, रेंज मिळावी म्हणून भर पावसात डोंगरावर खोपटं बांधून तिथे बसून तास करत होती. बातमी झाली, चक्रं फिरली आणि तिच्या गावाला जोडणी मिळाली. बातमी न झालेल्यांचं काय झालं असेल ते आपल्याला ठाऊकच आहे. आणि नुसती तार येऊनही भागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) कधी तरी इंटरनेट वापरलेल्या बायका ३३ टक्के निघाल्या आणि पुरुष ५७ टक्के. गावात एकच रेंज असताना हा फरक पडतो, कारण घरातला फोन कुणाच्या हातात असतो हे वायफाय ठरवत नाही.

केरळ आणि अमेरिका

केरळने हे प्रकरण वेगळ्या वाटेने नेलं. के-फोन नावाची सरकारी कंपनी, वीज मंडळाच्या खांबांवरून फायबर (खोदाईचा मोठा खर्च वाचला), ३० हजार सरकारी कार्यालयं जोडायची, दारिद्र्यरेषेखालच्या २० लाख कुटुंबांना फुकट आणि बाकीच्यांना पैसे घेऊन. जून २०२३ मध्ये उद्घाटन झालं. पहिल्या टप्प्यात दर विधानसभा मतदारसंघात १०० याप्रमाणे १४ हजार घरांना फुकट जोडणी द्यायची होती, पण वर्षभरात तेही पुरं झालं नाही. म्हणजे आराखडा मला पटतो, वेग नाही पटत. तरीही कार्यालयं स्वतःच्या तारेवर आली, आणि पैसे देणारे ग्राहक मिळाले तर त्यांच्या बिलातून फुकटवाल्यांचा खर्च निघू शकतो, ही त्यातली खरी कल्पना आहे.

अमेरिकेने उलटं केलं. तार नाही, बिल भरलं. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेल्या योजनेत गरीब कुटुंबांना महिन्याला ३० डॉलर सवलत मिळायची. २ कोटी ३० लाख कुटुंबं तिच्यात आली. संसदेने पुढचे पैसे मंजूर केले नाहीत आणि १ जून २०२४ ला योजना बंद. एका महिन्यात सगळ्यांचं बिल पूर्ववत. सवलत एका ठरावाने जाते. खांबावर चढवलेली तार उतरवायला निदान कुणालातरी शिडी लावावी लागते.

कंपन्यांकडून फुकट घेण्याचा पर्यायही आपल्याकडे येऊन गेला. फेसबुकने काही निवडक संकेतस्थळं फुकट दाखवायची योजना आणली होती. आवळा देऊन कोहळा काढण्याचा प्रकार. त्यांनी निवडलेलंच इंटरनेट गरिबाने इंटरनेट समजायचं. देशभर वाद झाला आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने अशा भेदभावाच्या दरांवर बंदी घातली. तो निर्णय योग्यच होता. पण आपण तेव्हा एक दार बंद केलं, तर दुसरं उघडायची जबाबदारी आपल्यावर होती आणि ती आपण पार पाडली नाही.

पीएम-वाणी हे दुसरं दार ठरू शकलं असतं. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत किराणावाला, चहावाला कुणीही परवान्याशिवाय वायफाय लावून पाच-दहा रुपयांचे पॅक विकू शकतो. लहान मुलाच्या खाऊसारखा सुटा डेटा. २०१८ च्या दूरसंचार धोरणात लक्ष्य होतं २०२२ पर्यंत १ कोटी हॉटस्पॉट. २०२५ उजाडलं तरी आकडा काही लाखांतच होता. टपरीवाल्याला जोडणी व्यावसायिक दराने घ्यावी लागे, दहा-दहा रुपये विकून ती परवडणार कशी? जून २०२५ मध्ये ट्रायने त्या दरावर घरगुती दराच्या दुपटीची मर्यादा घातली. एवढी साधी गोष्ट व्हायला साडेचार वर्षं गेली.

नळ कुणाच्या हातात?

सरकारी इंटरनेटला विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा मला खोडता येत नाही. जो तार टाकतो त्याच्याच हातात ती बंद करायची चावी जाते. अर्थात, आपल्याकडे खाजगी तारही सरकार एका आदेशाने बंद करतंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आंदोलनाच्या वेळी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगरमध्ये मोबाइल इंटरनेट बंद झालं होतं. पण सार्वजनिक वायफायवर आणखी एक गोष्ट होते. ओटीपी टाकून आत शिरलात की तुमचा नंबर, ठिकाण आणि वेळ यांची नोंद राहते. ज्याला स्वतःचा डेटा परवडतो त्याला निदान पर्याय असतो. ज्याला परवडत नाही त्याचा सगळा वावर याच नोंदींत. म्हणून तार सरकारी, पण तिच्यावर सेवा देणारे दोन-तीन असावेत, आणि नोंदी किती दिवस ठेवायच्या ते कायद्यात लिहिलेलं असावं. केवळ सरकार चांगलं आहे या भरवशावर हे सोडू नये, कारण सरकारं बदलतात आणि यंत्रणा तशीच राहते.

मग फुकट कुठे असावं? शाळा आणि आरोग्य केंद्रं तर आलीच. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी माध्यमिक शाळांना आणि ग्रामीण प्राथमिक आरोग्य केंद्रांना भारतनेटमधून ब्रॉडबँड द्यायची घोषणा झाली आहे. मी त्यात ग्रंथालयं घालीन. १९६७ च्या कायद्यामुळे महाराष्ट्रात शासनमान्य ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. इतर राज्यांना हेवा वाटावा असं हे जाळं आहे, आणि आपण त्याचं अनुदान वेळेवर देण्याचंही विसरतो. तिथे टेबल आहे, पंखा आहे, संध्याकाळी उघडं असतं, एमपीएससीची मुलं आधीच तिथे बसलेली असतात आणि मुलींना घरचे तिथे पाठवतात. पंचायतीच्या बंद कपाटातून ग्रंथालयापर्यंत दोनशे मीटर तार ओढायला किती खर्च येतो? सरकारी सौर दिव्याच्या एका खांबापेक्षा जास्त येत असेल असं वाटत नाही.

पुढची ग्रामसभा असेल तेव्हा एवढं विचारता येतं: भारतनेटचा डबा आपल्याकडे कधी बसला, तो आज चालू आहे का, त्याचं वीजबिल कुणाच्या नावावर येतं, तार तुटली तर तक्रार कुणाकडे करायची आणि शेवटची दुरुस्ती कधी झाली. उत्तर मिळालं नाही तर हेच प्रश्न माहिती अधिकारात टाकायचे, दहा रुपयांचं तिकीट लावून.